नोंदलेला पालक

ऑफिसात तिला सगळे कलमबाई म्हणत. मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेचं राष्ट्रीय धोरण ठरवायला समिती बसली, बड्या मंडळींनी टेबलावर मुठी आपटून भाषणं ठोकली, आणि 'आता हे नीट कलमांत बसवा' म्हणून सगळं लोढणं हिच्या गळ्यात आलं. बोलणारे चहा पिऊन गेले, लिहिणारी बसून राहिली. हे असंच चालतं.

त्यातलं एक कलम खास तिचं होतं. मुलाच्या खात्यावर कुणीही मोठा माणूस यायचा असेल तर नोंदलेल्या पालकाची परवानगी लागेल, आणि असा पालक एकच असेल. कायदा खात्यातले गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले होते, "एकच का? आईबाप वेगळे राहत असतील तर?"

"दोन सह्यांची फाईल आपल्याकडे कधी हलली आहे का, साहेब?" ती म्हणाली. सगळे हसले आणि कलम मंजूर झालं.

खरं तर तो प्रश्न तिच्या घरचाच होता. ती आणि नवरा वेगळे झाले होते, लेक बापाकडे दुसऱ्या गावी राहत होती, आणि ऑफिसात याचा कुणाला पत्ता नव्हता. जेवणाच्या सुट्टीत कुणी घरचं विचारलंच तर 'सगळे मजेत' म्हणून ती डब्याचं झाकण लावायची. चारचौघांत शोभा नको, म्हणून तिनं विनोद केला होता.

रोज संध्याकाळी मायलेकी मुलांच्या चित्रांच्या ॲपवर भेटत. एकाच कागदावर दोघी काढायच्या. आईची चित्रकला यथातथाच. तिचा हत्ती बघून लेक विचारायची, "ही इस्त्री आहे का?" पण काढता काढता ती खाली लिहीत असायची: आज बाई कुणावर ओरडल्या, डबा कुणी पळवला, शेजारी बसणाऱ्या चिमणीशी कट्टी झाली की बट्टी. कोर्टानं ठरवून दिलेल्या रविवारच्या फोनवर यातलं काही निघायचं नाही. तिथे बाप शेजारी, आणि लेकीचं नुसतं "हो", "नाही", "बरी आहे". कलमबाईंचं आईपण काय उरलं होतं ते त्या संध्याकाळच्या कागदावर.

नियम लागू झाला त्या दिवशी कागद उघडलाच नाही. 'ही व्यक्ती नोंदलेली पालक नाही. पालकांकडे परवानगी मागितली आहे.' शब्दन् शब्द तिचाच होता.

तिनं नवऱ्याला फोन लावला. "अरे, तुझ्या मोबाइलवर परवानगीचं काहीतरी आलं असेल. 'हो' दाब ना."

"आलं होतं. मी 'नाही' दाबलं."

"का?"

"जाहिरातीत सारखं सांगतात, खात्री नसेल तर नाही म्हणा."

"माझी खात्री नाही तुला?"

"तसं नाही गं. पण ती चित्रं संपली की पोरगी धड जेवत नाही. उशीत तोंड खुपसून पडते. मला कळत नाही काय करावं. रविवारी बोलतेसच की तू."

तो दुष्ट असता तर बरं झालं असतं, निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं.

अपवादासाठी अर्ज करायची सोय होती. पण अर्ज येणार कुठे, तर हिच्याच शेजारच्या टेबलावर. उद्या करू, परवा करू, म्हणता म्हणता महिने उलटले. संध्याकाळी ती ओट्याशी उभ्या उभ्याच जेवायची. बसून जेवायला समोर कुणीतरी लागतं.

एका बुधवारी दुपारी सगळे सभेला गेले आणि तिला राहवेना. तिनं टेबलावरच्या फोनवरून नवऱ्याच्या घरचा नंबर फिरवला. दोन्हीकडे तारेचे फोन; नंबर तेवढा दिसायचा, पण त्यांना कुठलंच कलम लागू नव्हतं. लेकीनंच उचलला.

"आई बोलतेय गं, राणी."

"आवाज आईसारखा आहे," लेक म्हणाली. "पण आज रविवार नाही. आणि हा नंबर आईचा नाही."

"ऑफिसातून करतेय."

"आवाज नकली करता येतो. शाळेत शिकवलंय आम्हाला. मी एक प्रश्न विचारणार."

धोरणाबरोबर शाळाशाळांत माध्यम साक्षरतेचे धडे गेले होते, आणि हा धडाही कलमबाईंनीच लिहिला होता. तिचा ऊर भरून आला. "विचार की," ती म्हणाली.

"मी वर्गात कुणाशेजारी बसते?"

"चिमणीशेजारी! आणखी कुणाशेजारी?"

"चूक," लेकीचा आवाज बारीक झाला.

"थांब, थांब. दुसरं विचार. तुझ्या पाठीवर तीळ आहे. तू पहिल्यांदा चाललीस ना, तेव्हा..."

"जुनं चालत नाही. जुने फोटो कुणालाही मिळतात. याच आठवड्यातलं सांगावं लागतं." लेकीनं श्वास घेतला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "माफ करा. मी तुम्हाला ओळखत नाही. आता मी फोन ठेवते."

जन्मात पहिल्यांदा लेकीनं तिला अहो-जाहो केलं.

पोरीनं धड्यातली एकही पायरी चुकवली नव्हती. पैकीच्या पैकी गुण द्यावेत असं वागली होती, आणि कलमबाईंना तिथेच, फायलींवर डोकं टेकून, मोठ्यांदा रडू आलं. मग तिनं डोळे पुसले. पुन्हा फोन करायचा, तर याच आठवड्यातलं काहीतरी हाताशी हवं. लेक काय खाते, कुणाशी खेळते, कशाला घाबरते, ती एकेक आठवून बघू लागली. सगळं जुनंच निघालं.