पाठमोरा सोलर

शेवटी आमच्या टाकीतलं पाणी इतकं तापलं की प्लंबरने हात भाजून घेतला. पण हे मी सांगितलंच नाही आणि तुम्ही ऐकलंच नाही. आमच्या नळाला गारठलेलं पाणी येतं, असं धरून चला. आम्हीही सहा दिवस तसंच धरून चाललो होतो.

प्रश्न आईच्या बोटांचा होता. आई शर्टांना हाताने काजं करते. थंडीत तिची बोटं आखडतात आणि सकाळी अर्धा तास ती गरम पाण्याखाली धरली नाहीत, तर सुई दुपारपर्यंत तिला ओळख दाखवत नाही. गीझर वारला होता. पातेल्यात तापवलेलं पाणी दोन काजांत निवायचं. शेवटी आईने जाहीर केलं, "या महिन्यात बोटं वळली तर ठीक. नाहीतर शिवणाचा डबा देऊन टाकते."

बाबांनी हे फार मनाला लावून घेतलं. त्यांनी चाळीस वर्षं स्टुडिओत लोकांचे फोटो काढले आणि ते डार्करूममध्ये ट्रेमधल्या गार पाण्यात धुतले आईने. बोटांचं दुखणं त्या ट्रेमधलं आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणीच नाही. बोलण्याऐवजी बाबांनी सोलर आणला.

"स्टँड मीच लावणार," ते म्हणाले आणि लावलाही. प्लंबर फक्त पाइप जोडायला आला. आभाळ भरलेलं होतं, सूर्य कुठे आहे ते सूर्यालाही माहीत नसावं.

"काका, दिशा बरोबर आहे ना?"

"चाळीस वर्षं दिशाच बघतोय मी."

प्लंबरने पाइप जोडून टाकले.

दोन दिवस ढग होते, तेव्हा पाणी गार. पुढचे चार दिवस कडक ऊन, तरी पाणी गार. "नवीन आहे, रुळेल," बाबा म्हणायचे. आई रोज नळाखाली हात धरायची, "आजही छान गार आहे हं," म्हणायची आणि डब्याचं झाकण लावायची.

सातव्या दिवशी मी प्लंबरला घेऊन गच्चीवर गेले. बाबा आधीच तिथे काच पुसत होते. प्लंबरने एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा पॅनेलकडे.

"काका, हा रुसलाय का? सूर्याकडे पाठ करून बसलाय!"

"ऊन नेहमी पाठीमागूनच घ्यायचं," बाबा शांतपणे म्हणाले. "समोरून घेतलं की डोळे मिचकावले जातात."

"ह्याला डोळे कुठायत?"

मी हसले. बाबा माझ्याकडे वळले. "हसू नकोस. तुझा एकही फोटो डोळे मिटलेला नाही, तो काय योगायोग आहे?"

प्लंबरने पाना काढला. बाबा पॅनेलच्या आडवे उभे राहिले, जसं एखाद्या गिऱ्हाइकाची बाजू घेऊन उभं राहावं. तेवढ्यात हात पुसत आई वर आली.

"अहो, हे गिऱ्हाईक नाही," ती म्हणाली. "ही फिल्म आहे. फोटो सूर्याचा काढायचाय."

बाबांनी एक डोळा मिटला. दोन हातांच्या बोटांची चौकट करून सूर्य त्यात बसवून पाहिला. मग प्लंबरवरच उखडले. "मग हे आधी सांगायचं नाही का? फिरव! एक्स्पोजर सहा तास."

"आणि धुणार कोण?" आईने विचारलं.

"मी," बाबा म्हणाले. मग पुढे जोडलं, "गरम पाण्याने."

पुढचं सांगता येत नाही, कारण ते घडलेलंच नाही, असं आपलं ठरलंय. एवढंच सांगते की डबा खिडकीत उघडा असतो आणि भाजलेल्या हाताची भरपाई म्हणून प्लंबरच्या शर्टाला तीन नवी काजं मिळाली आहेत, बटणं नसताना.

आता एकच अडचण आहे. ती दूर करायला बाबांनी सांगितलेला अर्ज मी लिहून समोरच्या इमारतीच्या सेक्रेटरींना दिला आहे:

"विषय: सावली हलवण्याबाबत. महोदय, आपल्या इमारतीची सावली दुपारी साडेतीननंतर आमच्या पॅनेलवर येऊन बसते. तरी सदर सावली, किंवा ते गैरसोयीचे असल्यास इमारत, अडीच फूट डावीकडे सरकवून मिळावी, ही नम्र विनंती. सोबत: सावलीचे पासपोर्ट आकाराचे फोटो, दोन प्रती. डोळे उघडे आहेत."