निळ्या रंगाची शिकवणी

कचरू लोखंड्यानं एकोणतीस वर्षं अजिंठ्याच्या लेण्यांत दिवा धरला. दिवा धरायचा म्हणजे काय, तर गाईड बोट दाखवील तिकडं उजेड पाडायचा अन् तोंड बंद ठेवायचं. तोंड बंद होतं बिचाऱ्याचं, पण कान उघडे होते. ऐकून ऐकून सगळं पाठ झालं. नोकरी संपली, पडेगावला घर केलं, तरी पहिल्या नंबरच्या लेण्यातली भिंत काही त्याच्या डोळ्यांपुढून हलली नाही.

नात विशाखा त्यानंच वाढवली, आईबाप गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. बीए झाली, इंग्रजी फाडफाड बोलायला लागली. शहरातल्या एका पर्यटन कंपनीनं गाईडच्या जागा काढल्या, तेव्हा म्हातारा नाचायचाच बाकी राहिला. आपल्या तथागताची लेणी आपली पोर जगाला दाखवणार! ज्या घरानं नुसता उजेड धरला, त्या घरातलं माणूस आता बोलणार!

मग काय, रोज सकाळी चहा झाला की ओट्यावर शिकवणी सुरू. विशाखानं लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक आणलं होतं.

"आबा, ह्यात लिवलंय की निळा रंग परदेशी दगडाचा हाय."

कचरू उसळलाच. "ते लिवणारा लेण्यात कितींदा गेलता? मोराच्या पिसाचा निळा हाय तो. हजारदा ऐकलंय मी ह्या कानांनी!"

पोरीनं पुस्तक मिटलं. आबाच्या शब्दावर तिचा तेवढा भरवसा होता.

मुलाखतीच्या दिवशी ती दुपारी घरी आली अन् पर्स खाटेवर फेकली.

"नाय झालं, आबा. प्रश्नच वाकडे विचारले त्यांनी."

"विचारणारा कोण व्हता?"

"राजेंद्र म्हणून हायेत कुणी. जुने गाईड."

राजेंद्र! ज्याच्या बोटामागं कचरूनं अर्धं आयुष्य उजेड फिरवला, तोच हा. कचरूला वाटलं, मग तर काम फत्ते. ओळखीचा माणूस, शब्द टाकला की झालं. दुसऱ्या दिवशी पांढरा धुवट सदरा घालून तो कंपनीच्या हापिसात गेला.

"अरे कचरू! आहेस का अजून?" राजेंद्र खुर्चीतूनच म्हणाला. कचरू त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, पण त्याला अरेतुरेच.

कचरूनं नातीचं नाव सांगितलं. राजेंद्र हसायलाच लागला. "ती तुझी नात? मोराची पिसं सांगत होती रे! आम्ही तिघंही पोट धरून हसलो."

"पन सायेब, तुमीच तर सांगायचे. मी शेजारी उभा ऱ्हायचो."

"अरे बाबा, ते गिऱ्हाइकाला! दमलेल्या माणसाला दगडाचं नाव सांगितलं की जांभया देतो, मोर म्हटलं की खूश होतो. दगडाचाच आहे तो रंग, कुणालाही विचार."

"मला ठाव नव्हतं."

"मग तू कधी विचारलंस?"

कचरूच्या अंगाची लाही लाही झाली. एकोणतीस वर्षं ह्या माणसाच्या थापांवर तो उजेड पाडत होता, वर त्याच थापा त्यानं पोटच्या पोरीसारख्या नातीला घोकायला लावल्या. तरी त्यानं हात जोडले. "सायेब, चूक माझी हाय, पोरीची नाय. एक डाव परत घ्या तिला."

"जागा भरल्या रे. आणि तू कशाला वाईट वाटून घेतोस? तिनं तुझं नावही घेतलं नाही. कुणी शिकवलं हे, असं विचारलं, तर म्हणाली, लेण्यात एक अडाणी दिवेवाला होता, काहीबाही बडबडायचा."

तेवढ्यात चहा आला. न पिता उठणं बरं दिसलं नसतं, म्हणून कचरूनं तो सगळा प्यायला.

घरी विशाखानं जेवायला वाढलं. "कुठं गेलता, आबा?"

"राजेंद्रकडं."

तिचा हात थांबला. "काय म्हणले?"

"दिवेवाला अडाणी व्हता म्हणं."

विशाखानं भाजीची पळी खाली ठेवली. "आबा, सगळे हसत व्हते हो. मला लई लाज वाटली."

"आगं, तुझ्यापायी मी साऱ्या मुलखात हसं करून घेतलं असतं," कचरू म्हणाला अन् त्यानं ताट बाजूला सारलं. "तुझ्यानं माझ्यापायी दोन मिन्टं सोसवलं नाय."