पिंपातल्या आसरा

"बोला, साती आसरांच्या नावानं..." होडीतून ज्योतीरामबुवा ओरडला.

"चांगभलं," दापोडीच्या घाटावर जमलेल्या शे-दीडशे माणसांनी आवाज दिला आणि पलीकडे पिंपळे गुरवच्या काठावरूनही कुणीतरी त्यात आवाज मिसळला.

घाटावरून दिसणाऱ्या डोहाच्या तोंडाशी आमची होडी बंद पडून उभी होती. तिच्यात सयाजी दोरी धरून बसलेला आणि शेजारी ज्योतीरामबुवा उभा. बुवाने इंजिनाच्या टाकीचं पितळी झाकण फिरवून काढलं, मुठीतला अंगारा टाकीवर धरला, तीनदा फुंकर मारली, झाकण परत लावलं आणि त्यावर शेंदराचं जाड बोट ओढलं.

"ओढ आता."

सयाजीने एक हिसका दिला. इंजिन फटफट करून सुरू झालं आणि होडी सुरळीत घाटाला लागली. बायांनी हात जोडले. एक म्हातारा माझ्या कानाशी म्हणाला, "बघितलं का मास्तर? तुमच्या शाळंत हे शिकवत न्हाईत."

शिकवत नाहीत, खरं आहे. मी तिथे विज्ञान शिकवत होतो आणि तोंडाचा आ करून बघत उभा होतो. बुवाचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. कारण तेच इंजिन मी आणि शौकतने लागोपाठ तीन रविवार खोलून, पुसून, जोडून बसवलं होतं आणि ते आमच्या बापाला जुमानत नव्हतं.

सत्तावन्न सालची ही गोष्ट. आम्हा तिघांना गळ टाकायचा नाद. मी शाळामास्तर, सयाजी कारखान्यात टर्नर आणि शौकतचं मुंबई रस्त्यावर मोटारी दुरुस्त करायचं दुकान. तिघांनी मिळून लष्करी भंगाराच्या लिलावातून एक लाकडी होडी आणि तिला मागे लटकवायचं विलायती इंजिन उचललं. होडीच्या फटींत सूत ठोकून आम्ही डांबर भरलं, इंजिन शौकतने हातात घेतलं. श्रावणापासून ते शहाण्यासारखं चाललं. रविवारी वर डोहापर्यंत जायचं, मरळ किंवा वाम लागली तर लागली, नाहीतर गप्पा मारून परत यायचं.

दसऱ्यानंतर बिघडलं. घाटावरून निघावं, प्रवाहाविरुद्ध हळूहळू सात-आठ मिनिटं बरं चालावं आणि बरोबर डोहाशी येऊन खोकत खोकत बंद पडावं. प्लग काढला, घासला. कार्बुरेटर धुतला. पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. दुकानात सुरू केलं की चालायचं, आम्ही समाधानाने बंद करायचो आणि रविवारी डोहाशी पुन्हा तेच. वल्ही मारत परत येताना काठावरची पोरं हसायची. एकदा शौकतने पाना नदीत भिरकावला आणि मग तोच काढायला कमरेएवढ्या पाण्यात उतरला.

एवढ्यावर थांबलं असतं तर आमची हौस फिटली असं म्हणून मी ती होडी विकून टाकली असती. पण सयाजीच्या घरात त्याच सुमाराला ताप शिरला. त्याची आठ वर्षांची दुर्गी एक दिवसाआड थंडी वाजून तापाने फणफणायची. डॉक्टरांनी हिवताप सांगितला आणि कोयनेलच्या गोळ्या दिल्या. पोर गोळ्या थुंकायची, ताप पुन्हा चढायचा आणि सयाजी घाबरायचा. अशात निघोजे गावाकडून हा बुवा आला.

"आसरा म्हंजी पाण्यातल्या देवी, सात भैनी," बुवाने सयाजीच्या ओट्यावर बसून सांगितलं. "त्यांच्या पाण्यात तू यंत्र घातलंस. यंत्राला पंप असतो, पंपाला नाडी असते, नाडीला पीडा धरते. डोहाशी यंत्र धरलं, घरात लेकरू धरलं. धरणारं एकच हाय."

पंपाची नाडी. मी आयुष्यात इतकं मूर्ख वाक्य ऐकलं नव्हतं. पण तोच बुवा रविवारी होडीत उभा राहिला, इंजिन सुरू झालं आणि माझं हसू तिथेच संपलं. ज्याला यंत्राची पीडा सुटते त्याला पोरीची सुटेल, असा सयाजीचा हिशेब झाला. बुवाच्या सांगण्यावरून त्याने कोयनेलची बाटली डोहात सोडली. आता येत्या रविवारी पहाटे पोरीला डोहाखालच्या घाटावर सात डुबक्या द्यायच्या होत्या. तापलेल्या पोरीला, कार्तिकातल्या गारठ्यात.

मी त्याच्या घरी गेलो. दुर्गी वाकळेत मुटकुळं करून पडली होती.

"सयाजी, पोर मरेल रे."

"गुरुजी, तुमी तीन आयतवार खटपट केली. चाललं का इंजान?"

"नाही."

"बुवांनी हात लावला, चाललं. डोळ्यांनी बघितलं तुमी बी." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मंगळवारी अंगारा लावला, पोरीला दिवसभर ताप न्हवता."

"एक दिवसाआड येणारा ताप एक दिवसाआड जातो, सयाजी. त्यात बुवाने काय केलं?"

रुक्मिणीवहिनी चुलीपाशी बसल्या होत्या. माझं वाक्य ऐकून त्यांचा हात थांबला. सयाजी मात्र उठून बाहेर गेला. तीन रविवारांच्या माझ्या अपयशापुढे माझं सगळं शिक्षण फुकट होतं आणि ते मला कळत होतं म्हणून जास्त चीड येत होती.

तिथून मी तडक शौकतकडे गेलो. इंजिन त्याच्याच दुकानात होतं.

"आपण ते दुकानात किती वेळ चालवतो?" मी विचारलं.

"दोन मिनिटं. लई तर तीन. का?"

"आज बंद पडेपर्यंत चालव."

शौकतने पिंपात नळाचं पाणी भरलं, काठावर इंजिन अडकवलं आणि दोरी ओढली. मी घड्याळ घेऊन बसलो. तीन मिनिटं, पाच मिनिटं, सहा. सात मिनिटं झाली आणि इंजिन खोकलं, फुरफुरलं आणि थेट डोहाशी पडायचं तसं बंद पडलं.

शौकत पिंपाकडे बघत राहिला. "मास्तर, या पिंपात आसरा कधी आल्या?"

त्याने पेट्रोल बघायला झाकण सैल केलं आणि आतून सुस्स असा आवाज आला. बाहेरची हवा आत ओढली जात होती. शौकतने कपाळावर हात मारून घेतला. झाकण उलटं करून त्याने खालून बोट फिरवलं. मधोमध हवेसाठी बारीक भोक होतं आणि ते वरून उतरलेल्या शेंदराने बुजलं होतं.

"टाकीला हवाच नाही. पेट्रोल खाली उतरेल कसं?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सयाजीने हत्यारांबरोबर इंजिनाचीही पूजा केली होती. आसरांच्या पाण्यात जायचं म्हणून त्यांच्या दगडाला लावतात तसा तेलात कालवलेला शेंदूर त्याने त्या गोल झाकणाला लावला होता. तेव्हापासून तो तिथे होता.

"तू सगळं इंजिन पुसलंस, एवढं झाकण कसं राहिलं?" माझा आवाज चढला.

"मुद्दाम ठेवलं. सयाजीभाऊचा देव आहे, मास्तर. दुसऱ्याच्या देवावर मी तेलकट चिंधी कशी फिरवू?" मग तो माझ्यावर उलटला. "आणि तुम्ही? तुम्ही तर देव मानत नाही. तुम्ही का नाही पुसलंत?"

सयाजीला वाईट वाटू नये म्हणून मीही त्याकडे दुर्लक्ष केलं होतं. शौकतने तेवढ्यात टाकीतलं पेट्रोल फडक्यातून गाळलं. फडक्यावर राखेचा कण नव्हता.

"बुवाचा अंगारा कुठे गेला?" मी विचारलं.

"टाकलाच नाही. राख पडली तर कार्बुरेटर तुंबतो, हे माहीत आहे त्याला. बेटा कधीतरी गाडीवर क्लीनर असणार."

मी शेंदूर पुसायला चिंधी उचलली. शौकतने माझा हात धरला. "आता पुसू नका. उद्या इंजिन गुपचूप चाललं तर नाव बुवाचंच होईल."

रविवारी पहाटे आम्ही ते पिंप इंजिनासकट हातगाडीवर घालून घाटावर नेलं. गर्दी होतीच. पायरीवर वहिनी दुर्गीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिचे दात वाजत होते. बुवा पाण्यात घोट्यापर्यंत उतरला होता.

"डुबक्या नंतर," मी म्हणालो. "आधी हे बघा. पाणी नळाचं आहे. इथे डोह नाही, इथे आसरा नाहीत."

"गुरुजी, लेकराचा इषय हाय," सयाजी कळवळून म्हणाला. "तुमची परीक्षा मागनं घ्या."

"पंधरा मिनिटं दे. तीन रविवार दिलेस, पंधरा मिनिटं दे."

शौकतने इंजिन सुरू केलं. लोक कंटाळले, कुणी टिंगल केली. सातव्या मिनिटाला ते खोकत बंद पडलं. सयाजी पुढे आला आणि खरोखरच पिंपात वाकून पाहू लागला. आत फक्त पाणी होतं.

"आसरा पाण्यामागून येतात," बुवा म्हणाला. "सोडवतो मी." पाण्यातून वर येऊन त्याने सवयीने झाकणाकडे हात नेला.

मी झाकणावर पंजा ठेवला. "सोडवा. पण झाकण न उघडता."

"अंगारा आत जावा लागतो."

"मूठ उघडून दाखवा. मागच्या रविवारचा अंगारा टाकीत सापडला नाही आम्हाला."

बुवाने मूठ मागे नेली. गर्दीतली एक बाई भाबडेपणाने म्हणाली, "म्हना की बुवा मंतर. तुमाला काय अवघड हाय?" बुवाला म्हणावाच लागला. त्याने पंपाची नाडी आणि सात बहिणी सगळं आळवलं. सयाजीने वीस वेळा दोरी ओढली. त्याचे तळवे लाल झाले आणि इंजिनाने हूं की चूं केलं नाही.

"वहिनी, पिन आहे का?"

रुक्मिणीवहिनींनी दुर्गीला पायरीवर टेकवलं आणि बांगडीत अडकवलेली पिन काढली. मी झाकणाचा मध्य दाखवला. त्यांनी स्वतः शेंदूर टोकरला. पिन आत गेली, बाहेर आली आणि टाकीने सुस्स करून हवा घेतली.

वहिनींनी तो आवाज ऐकला आणि पिन परत बांगडीत अडकवली. "आवं, हे तर घासलेटच्या डब्यावानी हाय. दुसरं भोक पाडल्याबिगर त्यातनं बी त्याल येत न्हाई."

"तेवढंच आहे, वहिनी."

सयाजीने दोन हिसके दिले. इंजिन लागलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली, ते चालूच होतं. त्या फटफटाटात बुवा कधी वर चढून गेला ते फार थोड्यांनी पाहिलं. पायरीवर, तो उभा होता तिथे, चिमूटभर राख सांडली होती.

"गोळ्या टाकल्या तुमी," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. "उचला पोरीला. दवाखान्यात चला." सयाजीने दुर्गीला खांद्यावर घेतलं. तो रडत होता आणि लपवत नव्हता.

दुर्गी वाचली. त्यानंतर महिनाभर तिला उठून बसवत नव्हतं, पण वाचली. पुढच्या खंडेनवमीला वहिनींनी शेंदूर होडीच्या नाकाला लावला आणि मग बांगडीतली पिन काढून झाकणाचं भोक साफ केलं. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. अजून घाटावर काही शहाणे सांगतात की त्या दिवशी आसरा त्या भोकातून निघून गेल्या. त्यांना मी एकच सांगतो. दुर्गी त्या डुबक्यांनी गेली असती, तर बुवा म्हणाला असता आसरांनी नेली, आणि आपण सगळ्यांनी चांगभलं म्हटलं असतं. त्यात मीही असतो, कारण तीन रविवार ते झाकण माझ्याही डोळ्यांपुढे होतं.

म्हणून हात जोडायचे तर खुशाल जोडा. पण बंद पडलेली वस्तू आधी पुसून बघा, भले तिच्यावर शेंदूर असो. तापाला गोळी द्या. आणि कुणी मूठ झाकून तुमचं भलं करायला आला, तर त्याला आधी मूठ उघडायला सांगा.