दहापैकी सहा

नाहूरच्या निवृत्त शिक्षक स्नेहमंडळाकडे मोजून तीन शाली होत्या, आणि सहा वर्षं त्या तीनच शाली सगळ्यांच्या खांद्यांवरून फिरत होत्या. सत्कार झाला की सत्कारमूर्तीने शाल 'मंडळाला सप्रेम परत' द्यायची, असा तिथला रिवाज. जानकी तिरोडकर बाईंनी आपल्या सत्काराची मोरपंखी शाल परत करण्याआधी तिच्या काठाला लाल दोऱ्याची एक टीप मारून ठेवली होती. ती टीप त्यांना एप्रिलमध्ये गुणाजी सरांच्या खांद्यावर दिसली, जुलैमध्ये भूगोलाच्या एका बाईंच्या, आणि दिवाळीनंतर अध्यक्ष श्यामकांत बर्वे सरांच्या. बर्वे सरांचा तो पाचवा सत्कार होता. सगळे टाळ्या वाजवत होते आणि बाई मनातल्या मनात सरांच्या भाषणावर रेघा ओढत होत्या.

भांडुपच्या एका शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या. मुलगा सुयोग नोकरीसाठी हैदराबादला, नवरा जाऊन चार वर्षं झालेली. घरात टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या मुलींच्या चुका काढण्यापलीकडे काम नव्हतं, म्हणून त्या मंडळात येत. आल्या की नाक मुरडून बसत. नाक मुरडायला मंडळात भरपूर काही होतं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. मंडळाने वृक्षारोपण केलं तेव्हा एका रोपाला चौदा हात लागले होते. रोप महिन्याभरात वाळून गेलं, चौदा नावांचा फलक मात्र अजून सोसायटीच्या कुंपणाला ठणठणीत उभा आहे. पुस्तकदान केलं तेव्हा सगळ्यांनी घरातली जुनी गाइडं आणून टाकली, तीही बदललेल्या अभ्यासक्रमाची. या सगळ्याला बर्वे सर 'समाजाचं ऋण फेडणं' म्हणत आणि दर वेळी त्यांचा आवाज घोगरा होई.

यंदा मंडळाने मार्गदर्शन केंद्र काढलं. दर शनिवारी दुपारी तीन ते पाच, सोसायटीच्या हॉलमध्ये, गरजूंना मोफत मार्गदर्शन. बॅनरवर अकरा निवृत्त शिक्षकांचे फोटो होते आणि सगळ्यांत मोठा कोणाचा होता हे सांगायची गरज नाही. मार्गदर्शन कशाचं, ते बॅनरवर लिहायचं राहून गेलं होतं.

उद्घाटनाच्या शनिवारी गरजू म्हणून एकच व्यक्ती आली. तेजल जोंधळे. भांडुपच्या डोंगराच्या बाजूला राहणारी, बाईंची जुनी विद्यार्थिनी. नवरा टेम्पो चालवायचा आणि ती घरी बसून खोट्या दागिन्यांवर खडे चिकटवायची. बोटांच्या टोकांना गोंद वाळून पापुद्रे धरलेले. बाईंना तिचा चेहरा आठवला नाही, पण तिने वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी आठवल्यासारखं केलं.

"बाई, पाचच मिनिटं लागतील," तेजल म्हणाली. "मुलुंडला एक संस्था आहे, तिच्या बालवाडीत ताईची जागा निघालीय. बारावी पास पाहिजे, ती आहे मी. फॉर्म भरलाय, त्यातच एक पान लिहून द्यायचं होतं तेपण लिहिलं. फक्त नजर टाका, ठीक आहे का बघा. आज पाचच्या आत द्यायचाय."

"आजच? शेवटच्या दिवशी यायचं सुचलं होय गं?"

"बॅनर कालच बघितला, बाई. पस्तिशीच्या आतलेच घेतात. मला पुढच्या महिन्यात पस्तीस पुरी होतील. म्हणजे हा शेवटचाच चान्स आहे ना."

बाई हात पुढे करणार इतक्यात बर्वे सरांनी तेजलला पाहिलं. उद्घाटनाला आयती गरजू मिळाली म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की हॉलमधली एक ट्यूब बंद होती ते कोणाच्या लक्षात आलं नसतं. "या या, ताई, पुढे बसा, अगदी पुढे," ते म्हणाले आणि तिला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. मग दीपप्रज्वलन झालं. पंखा बंद केला नव्हता म्हणून ते तीनदा झालं. मग स्वागतगीत, मग पाहुण्यांचा सत्कार. पाहुणे बाहेरचे कोणी नव्हतेच, म्हणून मंडळाच्याच उपाध्यक्षांना पाहुणे केलं होतं. शाल मोरपंखी होती. टीप जागच्या जागी होती.

मग बर्वे सर बोलायला उभे राहिले. 'मी फार वेळ घेणार नाही' म्हणून त्यांनी सुरुवात केली तेव्हा साडेतीन झाले होते, आणि त्यांचं चऱ्हाट संपलं तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. सबंध वेळ तेजल मांडीवरची प्लॅस्टिकची पिशवी घट्ट धरून घड्याळाकडे बघत होती. बाई तिच्याकडे बघत होत्या आणि मनातल्या मनात सरांना शून्य देत होत्या. त्या मुलीचं काम आपण केलं नाही तर इथे कोणी करणार नाही, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

भाषण संपताच फॉर्म हातोहात फिरू लागला. उपाध्यक्षांनी तो उलटसुलट करून पाहिला. बर्वे सर म्हणाले की सुरुवातीला एखादं सुभाषित हवं. चित्रकलेचे गुणाजी सर म्हणाले, "समास वायच मोठो सोडूक होयो होतो." तेजल दर वेळी अर्धी उठायची, पुन्हा बसायची.

"आणा तो इकडे," जानकी बाई म्हणाल्या आणि त्यांनी सरळ सरांच्या हातातून कागद ओढून घेतला. "सर, हे तुमच्या सत्काराचं पत्र नाही. पोरीच्या नोकरीचं आहे."

हॉलमध्ये दोघं-तिघं दबून हसले. बाईंना फार बरं वाटलं. त्या टेबलाशी बसल्या, चष्मा चढवला, पर्स उघडली. तेजल समोर येऊन उभी राहिली.

बाईंचा हात कामाला लागला. मजकुरावरून त्यांची नजर झरझर खाली उतरू लागली आणि हात तिच्या मागोमाग. इथे खूण, तिथे गोल. एक ओळ सबंध अधोरेखित, तिच्या बाजूला समासात दोन शब्द. पुढच्या परिच्छेदाला कंस घालून त्यावर काट. चौतीस वर्षं, वर्गात साठ मुलं, आठवड्याला एक निबंध. तो हात काय करतो हे बाईंना बघावं लागत नसे. ओठ किंचित हलत होते. गुणाजी सरांनी मोबाइल काढला आणि वाकून तपासणाऱ्या बाईंचा छान, जवळून फोटो घेतला.

खाली आल्यावर बाईंनी '६/१०' लिहिलं, त्याखाली सही केली आणि तारीख टाकली. मग वर बघितलं.

तेजलचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाई," ती म्हणाली, "हा ओरिजिनल आहे."

बाईंनी हातातल्या पेनाकडे पाहिलं. लाल होतं. कागदाच्या डोक्यावर ठळक छापलं होतं, 'खाडाखोड केलेला अर्ज बाद समजण्यात येईल.' ती ओळसुद्धा बाईंनी अधोरेखित केली होती.

 हॉलमध्ये अकरा शिक्षक होते आणि अकराही जण तो कागद पाहून खाली बघायला लागले, कारण त्यांच्यापैकी कोणाच्याही हातून हेच झालं असतं. फॉर्म एकाला एकच मिळत होता, नंबर घातलेला, आणि वाटप गुरुवारीच बंद झालं होतं. बर्वे सरांनी घसा खाकरून व्हाइटनर सुचवलं. तेजलने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"चल," बाई उठल्या. "मी येते. मी सांगते त्यांना. चूक माझी आहे."

मुलुंडला जायला दोघींनी रिक्षा केली. वाटेत बाईंच्या डोक्यात भाषण तयार होत होतं. मी अमुक शाळेतली शिक्षिका, चौतीस वर्षं सेवा, माझ्या शब्दाला किंमत आहे. पाचला दहा कमी असताना त्या संस्थेच्या ऑफिसात पोचल्या. टेबलाशी श्वेता नावाची तिशीतली मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, समोर अर्जांचा गठ्ठा. बाईंनी उभ्या उभ्याच आपलं भाषण केलं. खणखणीत केलं, जरासं दरडावूनच, जणू श्वेताने गृहपाठ आणला नव्हता.

श्वेताने ऐकून घेतलं. अर्ज हातात घेऊन ती बघत राहिली.

"मॅडम, मी समजू शकते," ती म्हणाली. "पण नियम आहे. आणि नियम बाजूला ठेवला तरी, तुम्हीच यांना सहा दिलेत ना. समितीसमोर मी हे कसं ठेवू?"

"सहा म्हणजे माझे चांगले असतात. मी सातच्या वर कोणाला दिलेले नाहीत."

"का?"

 मार्क देताना हात आखडता घ्यायचा, म्हणजे पोरं शेफारत नाहीत, एवढंच बाईंना ठाऊक होतं, आणि ते या मुलीसमोर बोलायची त्यांना लाज वाटली.

"बरं, लिहिलंय काय यांनी?" श्वेताने विचारलं. "लालच्या खाली मला नीट लागत नाही. तुम्ही तपासलंय ना. थोडक्यात सांगा. काही वेगळं असेल तर मी वरती फोन करून बघते."

 बाईंना एकही वाक्य आठवेना. सबंध पान त्यांच्या हाताखालून गेलं होतं, खूण न् खूण डोळ्यासमोर होती, पण पोरीने काय म्हटलंय ते त्यांनी वाचलंच नव्हतं. आणि हे काही आज पहिल्यांदा झालं नव्हतं, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

तेजल भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. ती मदतीला आली नाही.

बाईंनी कागद घेतला आणि त्या वाचू लागल्या, मोठ्याने, कारण दुसरा मार्ग नव्हता. तेजलने लिहिलं होतं की आमच्या चाळीतली बारा मुलं संध्याकाळी माझ्याकडे येतात. मी खडे चिकटवते आणि ती खडे मोजतात, त्यातून आकडे शिकतात. पुढे कंसात घातलेला, काट मारलेला परिच्छेद आला. त्याच्या बाजूला बाईंच्याच सुबक अक्षरात 'अनावश्यक' लिहिलं होतं.

'आम्हाला एक बाई होत्या,' बाईंनी वाचलं. 'त्यांच्या तासाला उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नाही. चुकलं तर त्या सगळ्या वर्गाला हसवायच्या. माझ्याकडे मुलं चुकतात आणि परत हात वर करतात. मला एवढंच जमतं.'

 श्वेताने फोन उचलला, वरती विचारलं, दोनदा 'हो सर' म्हणाली आणि ठेवला.

"सॉरी ताई," ती तेजलला म्हणाली. "अर्ज घेता येणार नाही. खरंच सॉरी." मग तिने गठ्ठ्याला रबर लावलं. पाच वाजले होते.

फाटकाबाहेर बाईंचा मोबाइल वाजला. मंडळाच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला होता. वाकलेल्या बाई, हातात लाल पेन, समोर तेजल. खाली बर्वे सरांनी लिहिलं होतं, 'समाजाचं ऋण फेडताना आदरणीय तिरोडकर बाई. पुढील शनिवारी त्यांचा हृद्य सत्कार.' अंगठे धडाधड येत होते. सर त्या हॉलमध्ये हजर होते, सगळं डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तरी त्यांनी हे लिहिलं होतं. एरवी बाईंनी यावर महिनाभर नाकाने कांदे सोलले असते. तेजलने स्क्रीनकडे पाहिलं आणि ती हसली. ते हसणं काही बरं नव्हतं.

"ती बाई मीच ना गं?"

"हो."

"मला वाटलं तू मला मानतेस. म्हणून आलीस."

"तुम्ही चुका बरोबर काढता म्हणून आले," तेजल म्हणाली. तिने अर्जाची घडी घालून पिशवीत टाकला. तिला आता घरी जाऊन दोन डझन बांगड्या पुऱ्या करायच्या होत्या, आणि उद्याही, आणि परवाही. दोन पावलं जाऊन ती थांबली. "मुलं सहाला येतात. रविवार सोडून. सात-आठ जणींना वाचताना पुढ्यात कोणीतरी बसायला लागतं, माझे हात गोंदात असतात. यायचं तर या. पेन आणू नका."

सोमवारी बाई गेल्या. डोंगराची चढण चढताना तीनदा टेकल्या. खोलीत कोणी उठून नमस्कार केला नाही, तेजलने मानेनेच कोपरा दाखवला. एका लहान मुलीने वही त्यांच्यासमोर धरली. पहिल्याच ओळीत तीन चुका होत्या. बाईंचा हात पर्सकडे गेला. पर्स रिकामी होती, त्यांनी सकाळीच ती उलटी करून पाचही लाल पेनं कपाटात टाकली होती, तरी हात गेलाच. खड्यावरची नजर उचलून तेजल त्यांच्याकडे बघत होती.

बाईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"बरोबर आहे ना, आजी?" मुलीने विचारलं.

"मला काय ठाऊक," बाई म्हणाल्या. "मी वाचलंच नाहीये अजून. काय लिहिलंयस ते तूच वाच बघू मला."