भरतीचं वाक्य

लग्नाआधी तो बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचा. काचेच्या खोलीत बसून, माइकचं बटण दाबून, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते सांगायचा. ती तेव्हा स्थानकासमोरच्या शिवणवर्गाला जात असे. तिची गाडी लागायची, तरी ती बाकावरून उठायची नाही, कारण गाडी सुटेपर्यंत तो तेच पुन्हा पुन्हा सांगणार हे तिला माहीत होतं. पुढे ओळख झाली, लग्न ठरलं. ‘मुलात पाहिलंस तरी काय?’ असं आईने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, ‘पाहिलं कुठे? ऐकलं.’ घरभर हसू फुटलं होतं.

नंतर त्याला पुस्तकं वाचायचं काम मिळालं. तो स्टुडिओत पुस्तक मोठ्याने वाचायचा आणि लोक ते फोनवर ऐकायचे. सुरुवातीला व्यायामाची, पोट कमी करायची, यशस्वी कसं व्हावं याची पुस्तकं असत. मग कुणीतरी त्याच्या हाती ती समुद्राची मालिका दिली आणि त्याचं नशीबच उघडलं. एक गलबताचा कप्तान, एक दीपगृहातली मुलगी, पाण्याखालचं राज्य, रागावली की बेटंच्या बेटं गिळणारी राणी. प्रत्येक भागात त्या दोघांची ताटातूट व्हायची आणि कुठल्यातरी बंदरात पुन्हा गाठ पडायची. लेखिका भागामागून भाग लिहीत सुटली होती आणि लोकांचं पोट काही भरत नव्हतं. तो कप्तान व्हायचा, राणी व्हायचा, वादळसुद्धा व्हायचा. खरा समुद्र त्याने एकदाच पाहिला होता, तोही बसच्या खिडकीतून, डुलक्या घेत.

स्टुडिओ म्हणजे कपाटाएवढी खोली. भिंतींना स्पंज लावलेला, पंखा बंद. पोटात गुरगुरलं तरी वाक्य पुन्हा घ्यावं लागे. तोंडातली चिकचिक जावी म्हणून तो आंबट सफरचंदाच्या फोडी चघळायचा. संध्याकाळी घरी येईपर्यंत घसा पार दमलेला असे. ‘आराम द्यायला हवा,’ म्हणून तो गळ्याशी हात न्यायचा आणि गप्प बसायचा. पुढेपुढे त्याची सवयच झाली. चहा हवा असला की कप पुढे सरकवायचा. मीठ कमी असलं की बरणीकडे बघायचा. तिला सुरुवातीला फार जाचलं. ती दिवसभरातलं काही सांगायला लागली की तो मान हलवायचा, पण मान हलवणाऱ्या माणसाला किती सांगणार? हळूहळू तिनेही सोडून दिलं.

ती पडद्यांच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, सहा-सात मशीन आणि मधोमध कापायचं मोठं टेबल. चुण्या घालायच्या, वरच्या पट्टीत बकरमचं कडक कापड भरायचं, खालची कड हाताने दुमडून शिवायची. हातांना काम आणि डोक्याला सुट्टी, त्यामुळे तिथल्या सगळ्याजणी कानात इअरफोन घालून काही ना काही ऐकत बसायच्या. सगळ्यांत वयस्कर शिवणारीला सगळे मावशी म्हणत. समुद्राच्या मालिकेचं वेड तिनेच आणलं. महिन्याभरात अख्खा कारखाना कप्तानाच्या मागे लागला.

‘काय आवाज आहे मेल्याचा,’ मावशी मशीन थांबवून म्हणायची. ‘असा नवरा असता तर मी रोज दोनदा आंघोळ केली असती.’

सगळ्या खिदळायच्या. तीही हसायची आणि कड दुमडत राहायची. तो आपला नवरा आहे हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. लाज वाटली म्हणून नव्हे. सांगितलं तर त्या विचारणार, घरी कसे बोलतात गं? मग काय सांगायचं?

पण तीही ऐकायची. कारखान्यात ऐकायची, घरी भांडी घासताना ऐकायची. तो बाहेरच्या खोलीत मुकाट पेपर चाळत असे आणि स्वयंपाकघरात त्याचाच आवाज तिच्या कानात बोलत असे.

एकदा ती घराची किल्ली विसरून गेली. त्याला त्या दिवशी काम नव्हतं, पण दुपारनंतर बाहेर जायचं होतं, म्हणून तो किल्ली द्यायला कारखान्यात आला. दारात उभं राहून एवढंच म्हणाला, ‘किल्ली विसरलीस. येताना अंडी आण.’

एकेक करून सगळ्या मशीन थांबल्या. मावशीने कानातलं काढलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा कानात घातलं, पुन्हा काढलं.

‘अगं बाई,’ ती म्हणाली. ‘कप्तान अंडी मागतोय!’

मग काय, गलका उडाला. कुणी स्टूल पुढे केलं, कुणी पाणी आणलं, आणि बघता बघता तो सगळ्यांचा भावोजी झाला. ‘भावोजी, ते निरोपाचं म्हणा ना, एकदाच!’ त्याने आढेवेढे घेतले नाहीत. कापायच्या टेबलाला टेकून, डोळे अर्धे मिटून तो म्हणाला, ‘वादळ येऊ दे, काळोख येऊ दे. तू दिवा तेवढा लावून ठेव, वाट मी शोधतो.’ एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने राणीचा आवाज काढला, सुकाणूवाल्याचं भांडण केलं, पाऊण तास बायकांना हसवलं, रडवलं. बाहेर जायचं तो विसरूनच गेला. ती आपल्या मशीनपाशी उभी होती. इतकं बोलताना तिने त्याला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी दोघं चालत घरी निघाली. कोपऱ्यावर अंडी घेतली. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, ‘अहो, मलाही एक म्हणून दाखवाल?’

त्याने भुवया उंचावल्या.

‘ते निरोपाचं नाही. तो बंदरावर येतो बघा, माशांच्या टोपल्यांवर दोघं बसतात. तो तिला विचारतो, आज दिवसभर काय केलंस? मग ती सांगते. जाळी वाळत घातली, दिव्याची काच पुसली, असंच काहीबाही. त्यातलं तुमचं तेवढं म्हणा.’

त्याला ती जागा आठवेना. ‘त्यात काय आहे?’ तो म्हणाला. ‘भरतीचं वाक्य असतं ते. पुढचं वादळ येईपर्यंत काहीतरी हवं म्हणून टाकलेलं.’

‘असेल. मला आवडतं.’

‘आज फार बोलणं झालं गं. उद्या रेकॉर्डिंग आहे,’ असं म्हणून त्याने गळ्याशी हात नेला. ती अंड्यांची पिशवी सांभाळत दोन पावलं पुढे झाली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

आवाज बसायला लागला तो त्यानंतर वर्षभराने. आधी वाटलं, धूळ असेल. मग वाटलं, थंड पाणी प्यायलो. स्टुडिओतला साउंडवाला म्हणाला, ‘सर, खालच्या पट्टीत आवाज खरखरतोय.’ डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि दोघांना समोर बसवलं. स्वरयंत्रावर गाठ होती. काढावी लागणार होती. ‘जिवाला तसा धोका नाही,’ डॉक्टर म्हणाले, ‘पण आवाजाची हमी मी देणार नाही. पुढच्या आठवड्यात करू. तोवर घरच्यांशी काय बोलायचंय ते बोलून घ्या.’

घरी आल्यावर तो खिडकीपाशी बसला. मग म्हणाला, ‘शेवटचा भाग निम्मा राहिलाय. लोक वाट बघताहेत. काय करू?’

ती पडद्यांच्या ऑर्डरीतल्या जास्तीच्या रिंगा डब्यात भरत होती. ‘तुम्हाला काय वाटतं?’

‘दुसऱ्या कुणाचा आवाज लावला तर सगळ्या मालिकेचाच विचका होईल.’

‘मग करा,’ ती म्हणाली.

ती परवानगी आहे असं त्याने धरलं. त्या आठवड्यात तो रोज सकाळी स्टुडिओत जायचा आणि संध्याकाळी गळ्याला मफलर गुंडाळून परत यायचा. ती गरम पाणी द्यायची, ते तो प्यायचा आणि पडून राहायचा. भेटायला आलेल्या त्याच्या बहिणीने त्याला बाजूला घेतलं.

‘वहिनीशी बोललास का रे?’

‘रोज सोबतच तर असतो.’

‘सोबत असतोस ते दिसतंय मला. बोललास का, ते विचारतेय.’

‘पुस्तक संपू दे,’ तो म्हणाला.

पुस्तक संपलं. कप्तान आणि ती मुलगी एका बेटावर घर बांधून राहिली. स्टुडिओतल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात भरती झाला. ऑपरेशनच्या आधी दोघांना तासभर निवांत मिळाला. ती खाटेजवळच्या स्टुलावर बसली होती. तिने त्याच्या पायांवरची चादर सारखी केली, खिडकीचा पडदा चार बोटं आखूड शिवलाय म्हणून नाक मुरडलं. काहीतरी बोलावं असं त्याच्या फार मनात होतं. मालिकेतली वाक्यामागून वाक्यं त्याला आठवत होती, पण त्यांतलं एकही तिला म्हणण्यासारखं वाटेना. आणि स्वतःचं असं सुचेना. बाहेर ट्रॉली वाजली.

‘घरचा गॅस बंद केला होतास ना?’ त्याने विचारलं.

‘केला होता,’ ती म्हणाली.

त्या आवाजात तो तिच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते.

गाठ निघाली, जीव वाचला. कित्येक आठवडे त्याला तोंडातून शब्द काढायची परवानगी नव्हती. तो फोनवर लिहून तिला दाखवायचा. आणि आता, बोलता येत नसताना, त्याला फार बोलावंसं वाटू लागलं. सकाळी जाग आल्यापासून काही ना काही सुचायचं. संध्याकाळी ती आली की तो फोन पुढे करायचा. त्यावर लिहिलेलं असायचं, ‘आज दिवसभर काय केलंस?’

ती वाचायची, चपला काढायची आणि म्हणायची, ‘पडदे शिवले.’

‘आणखी?’

‘आणखी काय असणार? कड दुमडली.’

टोमणा मारावा तसं ती बोलत नव्हती. तिला खरंच काही सुचत नव्हतं. त्याने मनाशी ठरवून टाकलं, हिचा स्वभावच मितभाषी झालाय, वयाने होतं तसं.

एका दुपारी तो फिरत फिरत कारखान्यापर्यंत गेला. तिच्याबरोबर घरी यावं एवढाच विचार होता. दार लोटलेलं होतं आणि आतून तिचा आवाज येत होता. एका गिऱ्हाइणीची गोष्ट ती सांगत होती. त्या बाईने पडदे मापाने न सांगता हाताच्या वितीने सांगितले होते, तेही नवऱ्याच्या वितीने, आणि पडदे लावायला गेल्यावर कळलं की नवरा साडेसहा फूट उंच. ती त्या बाईची नक्कल करत होती, नवऱ्याची करत होती, पडद्यांची सुद्धा करत होती. आत हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली होती. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला. आपली बायको इतकं सुंदर सांगते, हे त्याला माहीतच नव्हतं. गोष्ट संपली, मशीन पुन्हा सुरू झाल्या. आत न जाता तो तसाच परत फिरला.

त्या संध्याकाळीही त्याने विचारलं. तिने सांगितलं, ‘पडदे शिवले.’

पुढे आवाजाच्या बाई घरी यायला लागल्या. त्या त्याच्याकडून फुंकर मारण्याचे, गुणगुणण्याचे व्यायाम करून घ्यायच्या. हळूहळू आवाज आला, पण तो कुणा परक्याचा असावा तसा. घोगरा, खालचा, मध्येच नुसती हवा निसटणारा. एका सुट्टीच्या सकाळी, ती पावाला लोणी लावत असताना, त्याने त्या आवाजात धीर गोळा केला.

‘तो आठवडा मी पुस्तकाला दिला. तुला द्यायला हवा होता.’

तिने सुरी खाली ठेवली. ‘त्या एका आठवड्याचं काय घेऊन बसलात?’ ती म्हणाली. ‘त्याआधीची सगळी वर्षं होती की.’

 या वेळी त्याने गळ्याशी हात नेला नाही.

‘मला राग यायचा,’ ती म्हणाली. ‘फार यायचा. मग मी कानात घालून बसायला लागले. तिकडे तुम्ही विचारायचात, बोलायचात. मी मनातल्या मनात उत्तर द्यायचे. दिवसभरातलं सगळं त्यालाच सांगून टाकायचे. राग गेला. पण आता तुम्ही समोर बसून विचारता, तर माझी जीभच उचलत नाही. काय करू, सांगा.’

‘तो मीच होतो,’ तो म्हणाला. मधला ‘च’ हवेतच विरला.

‘होतात ना,’ ती म्हणाली आणि त्याच्या पुढ्यात पाव ठेवला.

आता तो त्याच स्टुडिओत काम करतो. नव्या वाचणाऱ्यांच्या चुका कान देऊन पकडतो. घरी आला की बोलतो. बाजारातलं सांगतो, बसमधलं सांगतो. घसा दुखला तरी सांगतो. ती ऐकून घेते, मध्येच ‘हो का?’ म्हणते. तो एकदा म्हणाला, ‘चल, समुद्र बघून येऊ.’ ती म्हणाली, ‘नको हो. ओले कपडे, पायाला वाळू. ऐकलेलाच बरा.’ कधीकधी मात्र ती आपणहून एखादी गोष्ट सांगते, चार-सहा वाक्यांची. त्या दिवशी तो जेवताना दोनदा वाढून घेतो.

परवा संध्याकाळी ती घरी आणलेल्या पडद्याची कड घालत बसली होती. लांबलचक, जड कापड सगळ्या खोलीभर पसरलं होतं. कानात अर्थातच मालिका होती. एकाएकी ती खळखळून हसली.

‘काय झालं?’ त्याने विचारलं. तिला ऐकू गेलं नाही. त्याने हात हलवला तेव्हा तिने एका कानातलं काढलं.

‘ती मासळीवाली म्हातारी,’ हसू आवरत ती म्हणाली. ‘काय बोललायत हो तुम्ही तिथे!’

‘काय बोललो?’

‘ती त्या जकातवाल्याला म्हणते…’ तिने सुरुवात केली, म्हातारीसारखा आवाज काढून पाहिला आणि मध्येच मान हलवली. ‘नाही जमत मला तुमच्यासारखं. जाऊ दे.’

तिने पुन्हा कानात घातलं. त्याला ती म्हातारी आठवत नव्हती, जकातवाला आठवत नव्हता, आपण काय म्हणालो होतो तेही आठवत नव्हतं. कापडाचं दुसरं टोक जमिनीवर लोळत होतं. त्याने ते उचललं, मांडीवर घेतलं, आणि तिची सुई पुढे सरकेल तसं थोडं थोडं कापड सोडत बसला.