पुढचं नको जोडू

मी एक जुनी सहा आसनी रिक्षा आहे. मांडव्याच्या धक्क्यापासून किहीमवरून अलिबागपर्यंत धावते. नामा थळे यांनी मला घेतले तेव्हा माझ्या पत्र्यात तोंड दिसायचे. वीस वर्षे मला धुतल्याशिवाय ते चहाला शिवले नाहीत. मग त्यांचे गुडघे गेले आणि चावी त्यांच्या मुलीकडे, कल्पिताकडे आली.

मित्रांनो, कल्पिता गाडी चांगली चालवते. या रस्त्याचा प्रत्येक खड्डा सोसलेली मी हे सांगते आहे. पण पहिल्याच महिन्यात वळताना माझा मागचा दिवा कुंपणाला लागून फुटला. दुसऱ्या दिवशी नवा दिवा बसला, पण तिच्या तोंडी एक वाक्य कायमचे बसले, "माझ्याच्यानं काहीच होत न्हाय."

प्रवासी दुसऱ्या रिक्षात बसले, तरी तेच वाक्य. रस्ता उखडला, तरी तेच. माझे इंजिन म्हातारे होऊन खोकू लागले, तर तोही हिचाच गुन्हा! मला इतका वैताग यायचा. ऐकून ऐकून कान किटले, पण सांगणार कसे?

शेवटी ती वडिलांना म्हणाली, "आबा, रविवारी गाडी भंगारात देऊया. मला न्हाय जमत." माझा जीव खालीवर झाला.

शुक्रवारी किहीमची बायजा मासळीची पाटी घेऊन माझ्यात चढली आणि पुढे कल्पिताजवळ बसली. थोड्या वेळाने तिने विचारले, "अगो, मघाधरून कोनाला शिव्या देतेस?"

"कुणाला न्हाय."

"मी आयकलं ना! मूर्ख बोललीस, निकामी बोललीस. मला बोललीस का?"

"न्हाय गो मावशी. मलाच." कल्पिता चपापली. आपण हे तोंडाने बोलतो, हे तिला ठाऊकच नव्हते.

"माजंपन असंच व्हायचं. मासली उरली का माजं नशीबच कुजकं! मग सासू बोलली, मासली उरली, येवढंच बोल. पुढचं नको जोडू."

"बोलायला सोपं हाय," कल्पिता फणकारली. मी मनात म्हटले, गेले, हेही वाऱ्यावर गेले.

त्याच दुपारी बोटीचे सहा प्रवासी घेऊन जाताना मी मांडव्याच्या अलीकडे बंद पडले. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती.

"ताई, आमची बोट चुकणार!" मागून एकजण ओरडला.

"माझ्याच्यानं..." कल्पिता म्हणाली, आणि मध्येच थांबली. मग दात खाऊन म्हणाली, "गाडी बंद पडली. इंजिन फिरतंय, पण डिझेल येत न्हाय."

एवढे बोलल्यावर तिचा हात आपोआप पान्याकडे गेला. तिने नळीचा बोल्ट सैल केला, हवा काढली, काळे हात ओढणीला पुसले. मी सुरू झाले.

तरी बोट चुकलीच. प्रवासी नको नको ते बोलून गेले. धक्क्यावर ती भरल्या डोळ्यांनी बसली. "बोट चुकली," ती म्हणाली. पुढचे वाक्य येणार म्हणून मी धडधडत वाट पाहिली. ते आले नाही.

रविवारी भंगारवाला आला. "गाडी द्यायची न्हाय," तिने दारातच सांगितले.

मित्रांनो, ते वाक्य अजूनही येते. कधी अर्धे, कधी अख्खे, आणि अख्खे आले की माझे डोके अजूनही फिरते. इतक्या दिवसांची खोड एका शुक्रवारी कशी जाईल? तुम्हीही स्वतःशी काय बोलता, ते एकदा कान देऊन ऐका. शेजाऱ्याला जे बोलायला तुमची जीभ धजणार नाही, ते स्वतःला तरी का बोलावे?

परवा चोंढीच्या बाजारात मी पुन्हा खोकत थांबले. कल्पिताने खाली उतरून माझ्या पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाली, "म्हातारी झालीस गो तू!" इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोष माझ्यावर आला. मला इतके बरे कधीच वाटले नव्हते.