सॉकेटपर्यंत आमचं

ज्या माणसाने चौतीस वर्षं सबस्टेशनवर ऑपरेटर म्हणून काढली, अर्ध्या शहराचे दिवे लावले आणि घालवले, त्याला घरातला एक लॅपटॉप पाच मिनिटं चालू ठेवता येऊ नये, ही नामुष्कीच म्हणायची. फ्यूजकाका ती आठ महिने सोसत होते.

फ्यूजकाका हे नाव गल्लीने ठेवलेलं. कुणाकडे दिवे गेले की लोक आधी त्यांचं दार वाजवत, तक्रार नंतर नोंदवत. काकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "मीटरपर्यंत आमचं, पुढचं तुमचं." तो खात्याचा नियम होता. एवढं ऐकवून झालं की काका टेस्टर खिशात टाकून निघत आणि पुढचंही बघून देत. पण वाक्य ऐकवल्याशिवाय पायात चप्पल घालत नसत.

लॅपटॉप मात्र त्यांचा नव्हता, काकूंचा होता. काकू शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर कुणी दागिना घेतं, कुणी फ्रिज बदलतं. काकूंनी गेम खेळायचा लॅपटॉप घेतला, चांगला चार किलोचा, मागून लाल दिवे लागणारा. त्यात ट्रक चालवायचा गेम. खऱ्या आयुष्यात त्यांनी सायकलसुद्धा चालवली नव्हती.

"या वयात ट्रक?" काका म्हणाले होते.

"जन्मभर नकाशावर छडी फिरवली. आता त्या रस्त्यांवरून जाऊन तर येते," काकू म्हणाल्या.

गेममध्ये स्वतःची कंपनी काढावी लागते. काकूंनी तिचं नाव ठेवलं 'अहो ट्रान्सपोर्ट'. काकांना आवडलं, पण ते म्हणाले, "काहीतरीच."

दवाखान्यात नेलं त्या सकाळीही त्या खेळत होत्या. दुसऱ्या दिवशी, नाकात नळी असताना, त्यांनी काकांना जवळ बोलावलं. काकांना वाटलं, आता कपाटाची किल्ली किंवा लेकीबद्दल काहीतरी सांगणार.

"अहो, माझा ट्रक रस्त्यात उभा आहे," काकू म्हणाल्या. "ट्रान्सफॉर्मर आहे त्यावर. बावीस टनांचा. पोचवाल ना?"

"आधी बरी हो. मग तूच पोचव," काका म्हणाले.

चौथ्या दिवशी काकू गेल्या. काकांच्या त्या उत्तराला काही अर्थच उरला नाही. त्यांनी हो म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं तर काम होतं.

दिवसकार्य झालं, लेक आपल्या गावी परत गेली आणि काकांनी लॅपटॉप उघडला. ट्रान्सफॉर्मर पोचवायचा, बस. लॅपटॉप सुरू व्हायचा, फोटो दिसायचे, पत्रं उघडायची, सगळं सुरळीत. गेम सुरू केला की ट्रक दिसायचा, वळणाच्या अलीकडे कडेला उभा, कोपऱ्यात 'वेळ शिल्लक: ४ तास'. काका बाणाचं बटण दाबायचे, ट्रक हलायचा, पंखा ओरडायला लागायचा आणि मिनिटा-दोन मिनिटांत पडदा काळा. लॅपटॉप बंद.

काकांनी जुन्या सवयीने लॉगबुक घातलं. शंभर पानी वही, रकाने पट्टीने आखलेले. '१०.४२ ट्रक सुरू. १०.४४ ट्रिप.' खाली पुन्हा '११.०५ सुरू. ११.०६ ट्रिप.' असं पानामागून पान. सॉकेटचा दाब मोजला, दोनशे एकतीस व्होल्ट, उत्तम. अर्थिंग तपासलं. बटणाचा बोर्ड बदलला. मीटरपासूनची वायर नवी ओढली. सॉकेटपर्यंत वीज अशी होती की सबस्टेशनलाही हेवा वाटावा. त्यापुढे त्यांनी पाहिलं नाही. सवयच नव्हती.

मग त्यांनी लेकीच्या सांगण्यावरून इंटरनेटवरचे उपाय केले. ग्राफिक्स कार्डचं सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकलं. त्यानंतर गेमने विचारलं, 'चित्राचा दर्जा शिफारशीप्रमाणे वाढवू का?' शिफारस म्हटल्यावर काकांनी 'हो' दाबलं. तेव्हापासून ट्रक दिसायच्या आधीच लॅपटॉप ट्रिप होऊ लागला.

नाक्यावरच्या दुकानदाराने लॅपटॉप उलटासुलटा करून सांगितलं, "ग्राफिक्स कार्ड उडालंय, काका. बोर्ड बदलावा लागेल. आतलं सगळं पुसून, नव्यासारखा करून देतो."

"पुसायचं नाही," काका म्हणाले.

"आत काय आहे एवढं?"

"ट्रान्सफॉर्मर."

दुकानदाराने लॅपटॉप हळूच परत दिला.

फोनवर लेक वैतागली. "बाबा, मी नवा पाठवते ना! हा द्या सोडून."

"यात ट्रक आहे."

"गेममधला ट्रक, बाबा."

"बावीस टन आहे. वेळ चारच तास उरलाय."

"आठ महिने झाले! तो काय सडणारे का?"

"तेच सांगतोय. आपल्याकडे आठ महिने गेले, त्याच्याकडे एक मिनिटही नाही. अजून वेळेत आहे तो."

लेकीने वाद सोडला. मग म्हणाली, "आईने घेतला कुठून होता? खाली स्टिकर असेल बघा."

स्टिकर होता. पत्ता शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीचा निघाला. काका चार किलो पिशवीत घालून, सगळ्या वायरी घेऊन तिथे गेले. दुरुस्तीवाली पन्नाशीची बाई होती. कपाळावर चष्मा, गळ्यात दुसरा चष्मा. तिने काकांची सगळी हकिकत ऐकली, लॉगबुक चाळलं, आणि वही बघून तिच्या भुवया वर गेल्या.

"सगळं लिहिलंत. चार्जरचं कुठेच नाही," ती म्हणाली.

"चार्जर चालू आहे. दिवा लागतो त्याचा."

"दाखवा."

तिने गळ्यातला चष्मा लावला आणि चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली. नंतर लॅपटॉपच्या पोटावरची वाचली. मग दोन्ही काकांसमोर शेजारी शेजारी ठेवले.

"हा देतो पासष्ट वॅट. याला लागतात दोनशे चाळीस."

काकांनी दोन्हींवरची अक्षरं स्वतः वाचली.

"साधं काम करताना भागतं. गेम सुरू झाला की मोठं ग्राफिक्स कार्ड जागं होतं आणि ताट मांडून बसतं. चार्जर अपुरा, म्हणून उरलेलं बॅटरी द्यायची. रोज देऊन देऊन बॅटरी खंगली, मग पडून राहून गेलीच. आता कुणीच देत नाही, म्हणून बंद पडतो. कार्ड ठणठणीत आहे हो. उपाशी आहे."

"ओव्हरलोडवर ट्रिप," काका पुटपुटले.

"अगदी. तुम्ही कुठे होतात कामाला?"

"पोस्टात," काका म्हणाले.

ती हसली नाही. स्क्रू ठेवायची डबी उगाच सरळ करत म्हणाली, "बाई तर वीज खात्यात म्हणाल्या होत्या."

काकांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं. आता त्यांना सगळं आठवत होतं, हवं होतं त्यापेक्षा जास्त. मूळ चार्जर विटेएवढा होता. तापायचा. जे तापतं ते फुकट खातं, हा काकांचा सिद्धांत. घरात लेकीच्या जुन्या लॅपटॉपचा छोटा चार्जर पडला होता. पिन बसली. पिन बसली म्हणजे झालं, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना काकांनी चौतीस वर्षं फैलावर घेतलं होतं. पण घर म्हणजे काही सबस्टेशन नव्हे. विटेला 'जास्त खातो' असं लेबल लावून त्यांनी ती माळ्यावर टाकली, आणि छोट्यावर 'बरोबर' असं लिहिलं. त्यानंतर लॅपटॉप उघडला की रोज एक सूचना यायची. काकू कुरकुरल्या, "अहो, बघा ना, हा काहीतरी म्हणतोय." काकांनी वाचायचे कष्ट न घेता 'पुन्हा दाखवू नका' यावर टिचकी मारली होती. "झालं बंद. सॉकेटपर्यंत आमचं, पुढचं तुझं!"

"तिला कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"दोनदा आल्या होत्या. पहिल्यांदा मी म्हटलं, चार्जर बघा. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, बघितला, कळलं काय ते. म्हटलं, मग बदला की! तर म्हणाल्या, आमच्या ह्यांनी लावलाय. लेबल लावून. जन्म विजेत गेला त्यांचा, आता मी त्यांना चार्जर शिकवू? निवृत्त झाल्यापासून तसेही खट्टू असतात. त्यापेक्षा तुम्ही माझा गेमच हलका करून द्या."

"हलका म्हणजे?"

"सगळं खाली आणलं मी. सावल्या बंद, झाडं बंद, पाऊस बंद, आरशातलं मागचं दिसणं बंद. नुसता रस्ता आणि ट्रक. मलाच वाईट वाटलं. म्हटलं, बाई, वाळवंट झालं हो सगळं. तर म्हणाल्या, वाळवंटातही रस्ते असतात. भूगोल शिकवलाय मी."

काकांना हसू आलं. मग ते गेलंही नाही आणि फुललंही नाही, तोंडावर तसंच राहिलं. आयुष्यभर त्यांनी शहरात भारनियमन केलं होतं. कुणाचे दिवे किती तास घालवायचे, याचं वेळापत्रक भिंतीवर लागलेलं असे. स्वतःच्या घरात मात्र त्यांनी वेळापत्रक न लावताच केलं, आणि घरातल्या ग्राहकाने तक्रार मागे घेतली.

"जुना चार्जर असेल ना?" दुरुस्तीवालीने विचारलं.

"माळ्यावर आहे. लेबल लावून."

"मग मला काही करायचंच नाही. बॅटरी सवडीने बदलू. आणि चार्जर अपुरा असल्याची सूचना कुणीतरी बंद केलीय, ती मी पुन्हा चालू करून देते. बंद करू नका."

"नाही करत," काका म्हणाले. दारातून ते मागे वळले. "ते पोस्टाचं..."

"कुणाला नाही सांगत," ती म्हणाली.

घरी येऊन काकांनी स्टूल घेतलं, माळ्यावरचा डबा काढला. वीट होती तशीच होती. ती त्यांनी पुसली, लावली. लॅपटॉप सुरू केला, गेम उघडला.

ट्रक होता तिथेच होता, पण जागा काकांना ओळखू येईना. 'हो' दाबून वाढवलेलं चित्र आज पहिल्यांदाच पडद्यावर टिकलं होतं. वळणापाशी दुतर्फा झाडं उभी होती. त्यांच्या सावल्या रस्त्यावर पडल्या होत्या, ट्रकच्या टपावर हलत होत्या. दूर डोंगर होता आणि त्यावर ढग. आरशात मागचा रस्ता दिसत होता, आणि जाळीत बांधलेला ट्रान्सफॉर्मर. काकांनी असे ट्रान्सफॉर्मर आयुष्यात पुष्कळ पाहिले होते. हा बराच बरा काढला होता.

ही झाडं तिने पाहिली नव्हती. आधी पाहिली असतील, वीट होती तोवर. नंतर नाही.

काकांनी बाणाचं बटण दाबलं. ट्रक हलला. पंखा गरगरला. एक मिनिट झालं, दोन झाली. काकांनी घड्याळाकडे पाहणं सोडून दिलं.

चालवणं त्यांना मुळीच येत नव्हतं. पहिल्याच वळणावर त्यांनी कठडा घासला. पुढे एका मोटारीला बाजूला ढकललं, तिने हॉर्न वाजवला, आणि काका पडद्याला म्हणाले, "माफ करा हं." मग त्यांनी वेग इतका कमी केला की मागे रांग लागली. चार तासांतले साडेतीन गेले. शेवटी एका कारखान्याचं फाटक आलं, आणि तिथे ट्रक उलटा घेऊन दोन पिवळ्या रेघांमध्ये लावायचा होता. काकांना ते अकराव्या खेपेला जमलं. पडद्यावर अक्षरं आली, 'माल पोचला. वेळेत. नुकसान: ३८ टक्के.'

खाली लिहिलं होतं, 'अहो ट्रान्सपोर्ट आपले आभारी आहे.'

काकांनी लॅपटॉप बाजूला सरकवला. मग त्यांनी लॉगबुक ओढलं, पट्टी लावली आणि शेवटची नोंद केली.

दोष: चार्जर अपुरा. कारण: ऑपरेटर. तक्रार आली: मागच्या वर्षी. दखल घेतली: आज. पुरवठा पूर्ववत: ४.१०.

शेऱ्याचा एक रकाना उरला. खात्यात तो कोरा सोडायची परवानगी नसे. चौतीस वर्षं काकांनी तिथे डोळे मिटून 'ग्राहकाची चूक' असं लिहिलं होतं. आज ते बराच वेळ पेन धरून बसले. मग त्यांनी लिहिलं:

ट्रान्सफॉर्मर पोचवला. थोडा खरचटला.